निदान फुकट, गिअरबॉक्स लाखाचा

गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडून बांद्याकडून येणाऱ्या गाडीला इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडून दाखवावी लागते, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याला डिकीत काय आहे यात रस. बॉनेटखाली काय चाललंय याची चौकशी करणारं खातं सरकारने अजून काढलेलं नाही. म्हणून ती जबाबदारी जनतेने स्वतःहून अंगावर घेतली आहे. नाक्याच्या आसपास एखादी ऑटोमॅटिक गाडी दिवे लुकलुकवत कडेला उभी राहिली, की चहाची पहिली किटली उकळायच्या आत तिथे तज्ज्ञ समिती भरते. समितीला मानधन नाही, मुदत नाही, आणि सदस्याला गाडी चालवता यायलाच हवी अशी अटही नाही.

गेल्या गणपतीत समितीपुढे आलेलं प्रकरण एका चाकरमान्याचं. गाडी नवी म्हणावी अशी, सहा गिअरची ऑटोमॅटिक. पाच दिवस घरामागच्या मांगरात उभी. विसर्जन झालं आणि मंडळी गोव्याला एक चक्कर मारून परतली. नाक्यावर डिकीत निघाले काजू आणि बेबिंका. जाऊ दिलं. पण गाडी जायला तयार नव्हती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला, ‘डी’ हे अक्षर उघडझाप करतंय, इंजिन ओरडतंय आणि चाकं म्हातारीसारखी कण्हत हलतायत.

समितीचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आंबोली घाटात धुक्यात गाडी घातलेला माणूस, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “क्लच खय आसा?” क्लच नाही म्हटल्यावर त्यांनी निकाल दिला, “देवान दोन पाय दिल्यान, आनि ह्यो एक पाय बसवन ठेवता. गाडी रुसतली नाय तर काय करतली?” ओल्ड्समोबाइलने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० च्या मॉडेलात दिला. तेव्हापासून कोट्यवधी डावे पाय बसूनच आहेत, पण अध्यक्षांना हे कोण सांगणार?

रिक्षावाल्याचं मत पडलं, “तेल सोपला आसतला, कसलाय घाला.” डंपरवाल्याने तर शोकसभाच उरकली. “गिअरबॉक्स गेलो! माझ्या मेवण्याच्या गाडयेचो असोच गेल्लो. दीड लाख!” मेव्हण्याची गाडी कुठली, बिघाड कुठला, दीड लाख खरंच भरले की नुसते सांगितले, हे प्रश्न अशा वेळी विचारायचे नसतात.

‘कसलंही तेल’ हा सल्ला तेवढा गमतीवारी नेण्यासारखा नाही. ऑटोमॅटिकमधलं तेल नुसतं वंगण नसतं. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिनची ताकद चाकांकडे तेच पोचवतं, आतले क्लच त्याच्याच दाबाने आवळतात, उष्णताही तेच वाहून नेतं. ते बहुधा लाल असतं. काळं पडलं आणि करपल्याचा वास यायला लागला की समजावं, आत काहीतरी जळतंय. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचं तेल वेगळं, दोन क्लचच्या डीसीटीचं वेगळं. एकाच्या पोटात दुसऱ्याचं घातलं, तर जो गिअरबॉक्स गेला नव्हता तो खात्रीने जातो. मग डंपरवाल्याचं निदान बरोबर ठरतं आणि समितीची प्रतिष्ठा वाढते.

तेवढ्यात कुणीतरी दोर आणला. बांद्यापर्यंत ओढत नेऊ, न्यूट्रलला टाका. दोराला काही कळत नाही आणि ओढणाऱ्याला सांगायचं कुणी? या गाड्यांत तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा घासतोय. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती चाकं उचलून न्यायची, नाहीतर सरळ सपाट ट्रकवर चढवायची, असं मालकाला मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, गाडी घेतली त्या दिवसापासून जशीच्या तशी.

आता गॅरेज. आपल्याकडे भरवशाचं गॅरेज शोधण्याच्या दोनच रीती प्रचलित आहेत. पहिली, ‘आपला माणूस’. आपल्या माणसाला अंदाजपत्रक मागायचं नसतं, त्याला वाईट वाटतं. बिल मागायचं नसतं, तो म्हणतो, “तुमका बिल कित्याक व्हया?” जुने भाग परत मागायचे नसतात, अविश्वास दिसतो. काम बिघडलं तर भांडायचंही नसतं, कारण पुढच्या जत्रेला तोंड दाखवायचं असतं. असा सगळीकडून बंदोबस्त झाला की त्याला विश्वास म्हणतात.

दुसरी रीत, काचेचं दार. आत थंडगार हवा, फुकट कॉफी आणि टाय लावलेला मुलगा. चाकरमान्याची गाडी शेवटी ट्रकवरून अशाच एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात गेली. तिथे स्कॅनर लावला. स्कॅनर लावणं म्हणजे देवाला कौल लावण्यासारखंच असतं. फरक एवढाच, की गुरव गाऱ्हाणं नीट ऐकून घेतो आणि कौल स्पष्ट पडला नाही तर परत विचारतो. इथे मशीनवर ‘पी-०७००’ उमटलं आणि दहा मिनिटांत कागद हातात पडला. ‘गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे.’ खाली सहा आकडी रक्कम, अधिक कर.

या पी-०७०० बद्दल थोडं सांगायला हवं, कारण या कोडच्या जिवावर कितीतरी धडधाकट गिअरबॉक्स भंगारात गेले असावेत. त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्स मेला’ असा नाही. गिअरबॉक्सच्या संगणकाने काही तक्रार नोंदवली आहे, ती तिथे जाऊन वाचा, एवढीच ती वर्दी. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते, आणि तीही आरोप असते, निकाल नसतो. सेन्सर, सोलेनॉइड, तेलाचा दाब, वायर यांतलं नेमकं काय, हे मीटर लावून, तेल बघून, गाडी फिरवूनच ठरतं. बॅटरीचा व्होल्टेज पडला तरी हे संगणक नाही नाही ते बरळतात. इंजिनचं माउंटिंग तुटलं तरी गाडी गचके देते आणि नाव गिअरबॉक्सचं होतं. ओरडणं-कण्हणं म्हणाल, तर बिघाडाचा संशय आला की संगणक गाडी एकाच गिअरात, पुष्कळदा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. तो गिअरबॉक्स वाचवत असतो. आपण त्यालाच सरणावर चढवतो.

चाकरमान्याने कर्जाचा हप्ता मोजला, कॉफी संपवली आणि गाडी परत गावात आणली. तिथे कुणीतरी वायरिंगचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याच्याकडे काचेचं दार नव्हतं, दारच नव्हतं. त्याने बॉनेटला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. “बाबा, गाडी थंड आसताना पन अशीच करता, काय गरम झाल्यावर? रिव्हर्साक कशी जाता? कितके दिस उबी होती? खय उबी होती?” मांगरात म्हटल्यावर तो हसला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला.

गिअरबॉक्सच्या कडेला वेग मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या वायरीचं प्लास्टिक सोलून निघालेलं, आतली एक तार तुटलेली, शेजारी कपलिंगच्या पिनेवर खाऱ्या हवेने चढलेला हिरवट गंज, आणि क्रॉस मेंबरवर चार काळ्या लेंड्या. “उंदरान खाल्ल्यान,” मिस्त्री म्हणाला. गणपतीला आलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गणपतीच्याच वाहनाने बंद पाडला होता.

तार जोडली, पिना साफ केल्या, कोड पुसला, नवीन रस्ता सोडून मुद्दाम इन्सुलीच्या जुन्या घाटातून एक फेरी मारली. गिअर एकापाठोपाठ एक पडले. मिस्त्रीने पाचशे रुपये सांगितले. आणि लाखाच्या कागदापुढे गप्प बसलेला चाकरमानी इथे पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला, “एक वायर जोडायचे पाचशे?”

आपल्या सगळ्या गाड्यांचा रोग हाच आहे. निदानाला आपण काम मानत नाही. लोखंड बदललं तर पैसे दिल्यासारखे वाटतात, डोकं चालवलं तर लुबाडल्यासारखे. गॅरेजवालेही शहाणे, गिऱ्हाइकाला शोधण्याचे पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर ते शोधायच्या भानगडीत पडत नाहीत, बदलून मोकळे होतात. पन्नास हजारांत ‘मोफत तपासणी’ बेमालूम बसते, पाचशेत बसत नाही.

या बदलून मोकळं होण्याच्या धंद्यात २०१४ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवावं. त्या वर्षी मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि ऑटोमॅटिक सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचाच क्लच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला हातापायांऐवजी यंत्र. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली की तो क्लच जळतो. तेव्हा क्लच बदलायचा असतो, अख्खी असेंब्ली नव्हे. त्याच वर्षी २५ ऑगस्टला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. एएमटी घाटात पोचली, आयोगाचा आदेश बहुधा अजून खालीच कुठेतरी तिसऱ्या गिअरात अडकलाय.

तेव्हा आपलं रक्षण आपणच करायचं. गॅरेजवाल्याने आधी तुम्हाला प्रश्न विचारले पाहिजेत आणि तुम्हाला शेजारी बसवून गाडी फिरवली पाहिजे. कोड वाचला तर तो कागदावर लिहून घ्या, पहिलाच नाही, सगळे. तेलाचं पॅन उघडलं तर आतलं लोहचुंबक बघायला मागा. त्यावर राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज. चमचमते तुकडे असतील तर मात्र खिशाची तयारी ठेवा. गिअरबॉक्स उतरवण्याआधी लेखी अंदाज, उतरवल्यावर जुने भाग, शेवटी जीएसटीचं बिल. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आणि जिल्हा ग्राहक आयोग कामाला येतात. ‘आपल्या माणसा’च्या शब्दावर आयोग निकाल देत नाही.

आणि दारात शिरल्या शिरल्या एकच विचारा, “तपासणीचे किती?” जो आकडा सांगेल त्याच्या हातात चावी द्या. “त्याचं काय घ्यायचं, आपलीच गाडी आहे,” असं जो म्हणेल, त्याला नमस्कार करा, त्याचा चहा घ्या आणि गाडी काढा.