प्रेरणेला हार्बर लाइन

चेंबूरच्या कलावंताला प्रेरणेची तल्लफ आली की तो आधी हार्बर लाइन पकडतो. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, एरवी जुहूचं पृथ्वी थिएटर. तिथे कटिंगपेक्षा चौपट महाग चहा घेत वही उघडायची आणि ‘मुंबई आतून बोलते हो’ म्हणायचं.

इकडे घरामागे फाइन आर्ट्स सोसायटीत कचेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, रंगते; मृदंगावर थाप पडते. पुढच्या रांगेत कांजीवरम नेसलेल्या मामी मांडीवर ताल मोजतात: आधी तळवा, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. गल्लत झालीच तर ती गायकाची. पण ‘ते मद्राशांचं’ म्हणून आपला कलावंत पायरी चढत नाही.

राहता राहिला चेंबूरचाच, 1948 सालचा आर. के. स्टुडिओ. 2017च्या आगीत सिनेमांतले कपडे जळाले, तेव्हा सगळं चेंबूर हळहळलं. 2019मध्ये जागा बिल्डरकडे गेली आणि तेच चेंबूर कार्पेट एरियाचा भाव विचारू लागलं. वारसा म्हणे!

तर कलावंत महाशय, पुढच्या कचेरीला या. लोकलचं तिकीटही वाचेल. फक्त मामींच्या शेजारी बसून भलतीकडे टाळी देऊ नका.