मारबतीला बोले, शेजाऱ्याला लागे

नागपूरकर तोंडावर बोलतो, अशी आमची ख्याती आहे. ती बहुतेक आम्हीच पसरवलेली आहे. पुणेकराला म्हणे पाटी लिहावी लागते, मुंबईकराला बोलायला फुरसत नसते, आणि आम्ही "काय बे, काहून आला?" असं दारातच विचारून मोकळे होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या पोटात काही राहतच नसणार.

आता माझ्या शेजारचे काका पाहा. सकाळी फाटकाशी येऊन विचारतात, "काय करून राहिले?" मी त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी पुसत असतो. "काही नाही जी, बसलो," मी फडकं पिळत सांगतो. दोघांनाही या उत्तरात काही वावगं वाटत नाही, कारण प्रश्न तो नव्हताच. मग दुसरं वाक्य येतं, "ऊन काय तापलं बाप्पा!" मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, नागपुरात ही काही बातमी नव्हे. तिसऱ्या वाक्यात गाडं जरा रस्त्याला लागतं, "आज घरीच आहे काय गाडी?"

काकांना सीताबर्डीला जायचंय आणि उन्हात ऑटोची वाट पाहायची नाही, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलेलं असतं. तरी मी म्हणतो, "आहे ना, पण पेट्रोल नाही तिच्यात." टाकीत पेट्रोल आहे. ते आहे हे काकांनाही ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही. इथं मुरलेला माणूस "हौ, हौ" करून वळतो. गाडी मागितली नाही, नाकारली नाही, संध्याकाळी एकत्र चहा प्यायला दोघेही मोकळे. पण काका आमच्यातले असूनही कधीकधी नियम मोडतात. म्हणतात, "भरतो ना मी!" मग चावी द्यावीच लागते. आणि कुणी विचारलंच, तर काका छातीवर हात ठेवून सांगतील की गाडी मी मागितलीच नव्हती, यांनीच दिली.

असल्या बोलण्यावर परदेशात मोठमोठे ग्रंथ झालेत. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं देऊन सांगितलं की माणूस बोलतो तेव्हा नुसतं सांगत नसतो, काहीतरी करत असतो. वचन देतो, हुकूम सोडतो, माफी मागतो. पुढं जॉन सर्ल यांनी जेवणाच्या टेबलावरचं मीठ धरलं. "मीठ इकडे देता येईल का?" या प्रश्नाला "येईल" म्हणून हात न हलवणारा माणूस असभ्य का ठरतो, याचा त्यांनी कीस पाडला. हे वाचताना मला आपले काश्मिरी पंडित आठवतात. मम्मटानं अकराव्या शतकातच दाखवून ठेवलंय की 'सूर्य मावळला' एवढंच म्हटलं, तरी गुराखी गुरं वळवतो, ब्राह्मण संध्येला बसतो आणि दुकानदार माल आवरतो. त्यांनी याला व्यंजना म्हटलं. आमच्या आईचं "अंधार पडला बरं!" याच जातीचं. अंगणातल्या पोरांसाठी त्याचा अर्थ घरात या. पाहुण्यांसाठी मात्र तो निघा असाही होतो आणि आता जेवूनच जा असाही. कुठला घ्यायचा, हे तिच्या 'बरं'च्या लांबीवर. आमच्याकडचे पाहुणे अजून तरी चुकलेले नाहीत.

नकार देण्यात आमचा हात विशेष चांगला बसलाय. "पाहू ना भाऊ" म्हणजे नाही. गणपतीच्या वर्गणीला आलेली पोरं हे जाणतात. म्हणून ती नाही ऐकल्यासारखा चेहरा न करता "मग संध्याकाळी येतो काका" म्हणतात, आणि येतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं सरकार आमच्याकडे उतरतं, तेव्हा हीच भाषा सभागृहातून ऐकू येते. 'तपासून पाहू', 'सकारात्मक विचार करू'. मोर्चे घेऊन आलेल्यांना ती समजायला वेळ लागत असेल. यजमान शहराला दुभाषा लागत नाही. सावजी हॉटेलात "तिखट आहे काय?" असं विचारणाऱ्या परगावच्या माणसाला वेटर शांतपणे "मीडियम आहे जी" सांगतो, तेही खोटं नव्हे. कुणाच्या मानानं मीडियम, एवढंच तो सांगत नाही.

पण आडून बोलण्याची आमची खरी कमाई पाहायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. रोगराई, इडापिडा सगळी सोबत घेऊन जा, असा गजर करत इतवारी-महालातून या बायांच्या अगडबंब पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि शेवटी त्यांना गावाबाहेर जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी बाकाबाई भोसले, असं जुने लोक सांगतात. तसं असेल तर काय हुशारी! राज्य इंग्रजांचं, आणि गाव भर रस्त्यात त्यांच्या बाजूच्या बाईला जाळतंय. विचारायला यावं तर उत्तर तयार, साहेब, आम्ही तर खोकला घालवून राहिलो.

मारबतींसोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे कुणाच्या डोक्यात गेलं असेल ते. वर्षभर "पाहू ना" म्हणणारं शहर त्या दिवशी मोठ्यानं बोलतं, पण तेही पुतळ्याशी. लेकी बोले सुने लागे, हा जो प्रकार घरोघरी ओट्याशी चालतो, तो आम्ही ढोलताशे लावून रस्त्यावर आणलाय. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. त्यानं चिडावं तर आधी उठून कबूल करावं लागेल की हा बडगा माझाच.

तेव्हा नागपूरकर सरळ बोलतो या अफवेवर फार विसंबू नका, आणि मारबत पाहायला एकदा या. सकाळी लवकर निघा, गर्दी फार असते. उतरायचं कुठं असं विचाराल, तर मी "आमच्याकडेच या ना" म्हणणारच. एकदा म्हणालो तर हॉटेल पाहून ठेवा. दुसऱ्यांदा म्हणालो तर बॅग घेऊन सरळ घरी या.