फुकटचा गाइड

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय लोक बघायला जातात. मी ते समजावून सांगायला गेलो होतो. सोबत मुलगी आणि सासूबाई. 'आमचे आजोबा पाटील होते' हे वाक्य मी लग्नापासून सासरी खपवत आलोय. बाकी माझा शेतीशी संबंध म्हणजे कोथरूडच्या बाल्कनीतली तुळस, तीही पाणी जास्त होऊन गेली.

उघड्यावर, झाडांच्या आडोशाने माणसाएवढे सिमेंटचे पुतळे मांडून इथे जुनं स्वयंपूर्ण गाव उभं केलंय. न्हावी, लोहार, कुंभार सगळे आपापल्या कामात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अशा की लोक पुतळ्यांशीच बोलायला जातात म्हणे. माझी फजिती मात्र जिवंत माणसांपुढे झाली.

माझा आवाज जरा चढलेला असावा. कारण मागे वळलो तर एक शाळेची सहल वह्या उघडून उभी! त्यांचे गुरुजी झाडाखाली टेकून निवांत पाणी पीत होते. 'मी गाइड नाही' एवढं म्हणायचं होतं. पण घरी ज्याचं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही, त्याला लिहून घेणारे श्रोते मिळाल्यावर तो थांबतो होय?

"बारा बलुतेदार," मी सुरुवात केली. "वर्षभर शेतकऱ्यांची कामं करायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा, तेच बलुतं." इथपर्यंत ठीक होतं. मग मी बोटांवर मोजत नावं घेऊ लागलो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव... आणि गाडी अडली. बाराची यादी प्रांतागणिक बदलते, एवढं म्हटलं असतं तरी अब्रू राहिली असती. पण पोरं पेन रोखून उभी. कशीबशी भर घालत गेलो आणि बारावा पोस्टमन निघाला.

"काका, तेव्हा मोटर नव्हती, मग विहिरीचं पाणी कसं काढायचे?"

"मोटेने! बैल गोल गोल फिरायचे आणि—"

"गोल फिरतो त्यो घाण्याचा बैल, पावणं," टोपीवाले एक आजोबा म्हणाले. "मोटंचा बैल धावंवरनं सरळ खाली जातो आन् तसाच पाठमोरा माघारी येतो. गोल फिरवला तर नाडा काय तुमच्या गळ्यात गुंडाळायचा?"

सहल हसली. मुलगी हसली. मी कुंभाराकडे पळालो. "चाकावरून असं तयार मडकं उतरतं बघा."

"जावईबापू," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या, "चाकावर नुसता घाट येतो. मग आतनं गोटा धरून बाहेरनं चोपण्यानं थापटत थापटत मडकं वाढवायचं. आमच्या दारासमोरच कुंभारवाडा होता."

झालं. सहल सासूबाईंमागे गेली. आजोबाही गेले. गुरुजीसुद्धा झाडाखालून उठले. माझ्याकडे सासूबाईंची पिशवी, पाण्याची बाटली आणि मुलीची टोपी एवढा संसार उरला.

एक पोरगा तेवढा रेंगाळला. वही पुढे करून अगदी अदबीने म्हणाला, "काका, मोट खोडली. पोस्टमन ठेवू का?"