तीनदा म्हणायचं असतं

आम्ही पोलादपूरकडची माणसं कौतुक करताना हात जरा आखडताच घेतो. आंबा साखरेसारखा गोड निघाला तरी ‘बरा आहे’, आणि पोरगं वर्गात पहिलं आलं तरी ‘झालं पास’. मीही त्याच मातीतला. त्यामुळे २० मार्चला आजीबरोबर महाडला जायचं म्हणजे मला तोंडी परीक्षेला निघाल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी चवदार तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, पांढरी लुगडी, पुस्तकांची दुकानं. दोन कर्ण्यांवर दोन वेगळी भीमगीतं लागलेली असतात आणि दोन्ही एकमेकांना हरवतात. आजी बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडून उभी राहते. त्रिशरण होतं, पंचशील होतं, आणि शेवटी सगळे मोठ्यानं म्हणतात, ‘साधु, साधु, साधु’. मी ओठातल्या ओठात एकदाच पुटपुटतो.

“तीनदा म्हणायचं असतं,” आजी म्हणाली. एरवी तिला हाक ऐकू जात नाही. “दोन वाचवलेस ते ठेवणार कुठं?”

साधु म्हणजे इथे जटाधारी बुवा नव्हे. ‘भलं झालं, छान केलंत’ अशी ती दाद. वर बसून स्तुतीची वाट पाहणारा कुणी बुद्धाच्या धम्मात नाही, त्यामुळे ही दाद वर जात नाही, शेजारच्याकडे जाते. दुसऱ्याच्या भल्यानं आपण सुखावायचं, याला मुदिता म्हणतात. मैत्री, करुणा, उपेक्षा यांच्या रांगेतली. त्यातली करुणा मला जमते. शेजाऱ्याची स्कूटर बंद पडली की ती लगेच दाटून येते. त्यानं नवी गाडी घेतली की मुदिता मात्र कशेडी घाटात अडकते. आता तिथं बोगदा झालाय, तरीही.

या तळ्याचं नावच बघा. कुणाला तरी पाणी पिऊन वाहवा करावीशी वाटली असणार, म्हणून ते चवदार. म्हणजे नाव हीच एक दाद. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की ज्यांना त्यातला थेंबही मिळत नव्हता, त्यांनाही ते चवदारच म्हणावं लागे. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, मागून हजारोंनी घेतलं. थोड्याच वेळात ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ झालं. गुरांच्या पिण्यानं ते कधी बाटलं नव्हतं. पुढे कोर्टकज्जा. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

मी आजीला एकदा हिशेबी प्रश्न विचारला. “जिंकलो १७ तारखेला. मग आनंद २० तारखेला का? त्या दिवशी तर मार खाल्ला.”

आजीनं माझ्याकडे पाहिलं. “१७ला कोर्टानं दिलं. २०ला आपण घेतलं. तुझ्या बारशाला तरी दाखल्याची वाट बघितली होती का कुणी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकालाचा कागद हाती येईपर्यंत हसायचं नाही, हा माझा स्वभाव. इथली माणसं मात्र डोक्याला पट्टी बांधलेला दिवस सणासारखा साजरा करतात, पोरांना नवे कपडे घालून आणतात. मार ती विसरलेली नाहीत. आजी तर लाठ्यांची गोष्टही रंगवून सांगते, आणि सांगताना मध्येच हसते. मला अजून ते हसू नीट कळलेलं नाही.

संध्याकाळी महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एसटी आली. गर्दी अशी, की आपला पाय कुठला ते विचारून घ्यावं. आजीला बायकांनी सरकून जागा करून दिली. तिच्या पुढची एक जागा मी हेरली होती. तेवढ्यात एका पोरानं खिडकीतून रुमाल टाकला आणि पाठोपाठ चढून ऐटीत बसला. मी दांडी धरून उभा.

आजी माझ्याकडेच बघत होती. “म्हण.”

“साधु,” मी म्हणालो.

आजीनं तीन बोटं वर केली.