ताप, तांडेल आणि तीनमजली चहा

बँकॉकला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडे लोक एक डोळा मारतात. साहित्यिक कारणासाठी गेलो होतो म्हटलं तर दोन्ही डोळे मिटून हसतात. बायको आणि बायकोचे मामा बरोबर होते असं सांगूनही संशय फिटत नाही, उलट "बिचारे मामा!" असा उद्गार ऐकावा लागतो. पण त्या शहरात चाओ फ्राया नदीच्या काठी ओरिएंटल नावाचं एक हॉटेल आहे. आता पाटीवर 'मँडरिन ओरिएंटल' असतं. लेखकांचा मान तिथे आपल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयापेक्षा जास्त राखतात. अट एकच, तो मान घ्यायला लेखक सहसा हयात नसावा.

सहलीच्या कार्यक्रमात त्या दिवशी 'दुपार मोकळी' असं छापलं होतं. मोकळी म्हणजे मंडळींनी प्रातुनामच्या बाजारात जाऊन बॅगा भरायच्या. ही म्हणाली, "अहो, बॅगा काय डोंबिवलीतही मिळतात. तुमच्या त्या लेखकांच्या हॉटेलात चहा तरी घेऊ." चहाचं टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. ते तिने परस्पर सांगूनही ठेवलं होतं. माझ्याकडे फक्त पाकिटाचं काम होतं.

मामा नगरपालिकेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ, आणि बाट म्हणजे तेव्हा साधारण अडीच रुपये. साठ वर्षांपूर्वी मास्तरांनी छडीच्या धाकाने गिरवून घेतलेली अडीचकी आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडत होती, त्यामुळे मामा ती सोडायला तयार नव्हते. शहाळं असो, टुकटुक असो की बुद्धाच्या देवळाचं तिकीट, आकडा दिसला की त्यांचे ओठ हलायला लागत. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढा सश्रद्ध माणूस!

हॉटेलात पोशाखाचे नियम आहेत. अर्ध्या चड्ड्या आणि रबरी सपाता चालत नाहीत. मामांनी नातवाने दिलेली बर्मुडा नाइलाजाने उतरवली आणि लग्नकार्याचे काळे बूट चढवले. "कमाल आहे, जावईबापू," ते म्हणाले, "दर्शनाला जाताना पायातलं बाहेर काढतात. हे म्हणतात घालून या."

स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्टेशन गाठलं, की जिन्याखालीच साथोर्नचा धक्का. तिथे दोन प्रकारच्या बोटी लागतात. नारिंगी झेंड्याच्या बोटीत शहर चढतं: कचेरीतले लोक, शाळेची मुलं, भगव्या वस्त्रांतले भिक्खू. ती धक्क्याला पुरती लागायच्या आत शिट्टी फुंकणारा माणूस दोर फेकतो, तुम्ही उडी मारता आणि उरलेलं दैव बघतं. दुसरी बोट हॉटेलची. लाकूड चकाकणारं, गणवेशातला माणूस हात देऊन उतरवून घेणारा, आणि भाडं नाही. मामा दचकले. जिथे गुणायलाच काही नाही, त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नाही.

नदी रुंद, मातकट आणि सदा कामात असलेली. जलपर्णीचे पुंजके आपल्या मुळा-मुठेसारखेच; फरक इतकाच की इथे ते वाहतात. आमच्या समोरून चार अगडबंब बार्ज एकामागे एक दोराने बांधलेले चालले होते, पाण्यात जवळजवळ काठापर्यंत बुडालेले. त्यांना ओढणारी टगबोट एवढीशी, की तिच्या टपावर वाळत घातलेला बनियन तिच्यापेक्षा मोठा दिसावा. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकत्र कुटुंबातला मिळवता भाऊ."

धक्क्यावरून दिसते ती 1976 सालची उंच इमारत. लेखक मंडळी राहतात ती मागच्या बाजूला, 1887 सालच्या दुमजली पांढऱ्या वास्तूत. हान्स नील्स अँडरसन नावाच्या डॅनिश व्यापाऱ्याने इटालियन वास्तुविशारदांकडून ती बांधून घेतली. त्याआधीही इथे खलाशांना टेकायला जागा होती, पण सयामात परदेशी पाहुण्याला ऐटीत राहता येईल असं हॉटेल म्हणजे हेच पहिलं. आत 'ऑथर्स लाउंज' आहे. वर काचेचं छत, खाली बांबूची झाडं, पांढऱ्या वेताच्या खुर्च्या आणि दोन बाजूंनी वर जाणारे पांढरे जिने. सगळं इतकं पांढरं, की लोणच्याची फोड डब्यातून काढायचासुद्धा धीर होऊ नये. हिने पर्स मांडीवर घट्ट धरली. पर्समध्ये डबा होता.

या वास्तूतल्या मोठ्या दालनांना चार लेखकांची नावं आहेत: जोसेफ कॉनरॅड, सॉमरसेट मॉम, नोएल कॉवर्ड आणि जेम्स मिचनर. त्यांतल्या पहिल्या दोघांची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कॉनरॅड बँकॉकला आला तो जानेवारी 1888 मध्ये, तिशीतला तांडेल म्हणून. 'ओटागो' जहाजाचा कप्तान समुद्रात वारला होता आणि त्याची जागा याला मिळाली होती. खलाशी तापाने फणफणलेले, कागदपत्रांचा घोळ, वाऱ्याचा पत्ता नाही. आज विमान दोन-अडीच तासांत पोचतं त्या सिंगापूरला जायला जहाजाला तीन आठवडे लागले. या हालअपेष्टांतून पुढे 1917 मध्ये 'द शॅडो-लाइन' आली. पण 1888 मध्ये त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. कप्तान माणूस, मुक्काम जहाजावर. ओरिएंटलमध्ये तो यायचा ते चार दर्यावर्दी मंडळींत बसायला, असंच सांगतात.

"म्हणजे रात्रभर राहिला नाही?" मामांनी विचारलं.

"बहुधा नाही."

"आणि खोली त्याच्या नावावर?" मामांनी चष्मा पुसला. "आमच्या खात्यात याला बोगस नोंद म्हणत."

मॉमचं प्रकरण उलटं. तो राहिला, आणि नको तितका राहिला. ब्रह्मदेशातून शान डोंगरांतल्या वाटा खेचरा-घोड्यांवरून तुडवत तो 1923 च्या सुमारास बँकॉकला पोचला तो मलेरिया घेऊनच. ताप 105 अंशांवर गेला. ओल्या चादरी गुंडाळून झाल्या, क्विनाइन झालं, उतार पडेना. खोलीबाहेर व्यवस्थापक बाई डॉक्टरांशी बोलत होत्या, ते त्याला पडल्यापडल्या ऐकू आलं. हा माणूस इथेच दगावला तर माझ्या धंद्याचं काय, याला हलवा, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. बाईंचंही काही चुकलं म्हणता येणार नाही. सावंतवाडीची लॉजवालीसुद्धा हेच म्हणाली असती, फक्त दाराबाहेर नाही, दारात उभी राहून.

मॉम मेला नाही. लेखकाचा सूड असा असतो: तो जगला, आणि हा सगळा प्रसंग 1930 मध्ये आलेल्या 'द जंटलमन इन द पार्लर' या प्रवासवर्णनात त्याने छापून टाकला. अंगात त्राण नव्हतं तेव्हा सुचलेली सप्टेंबर नावाच्या सयामी राजकन्येची परिकथाही त्याच पुस्तकात आहे. पुढे पंच्याऐंशीच्या घरात तो पुन्हा इथे आला, तेव्हा हॉटेलने त्याचं थाटात स्वागत केलं. आज जाहिरातीत तो ताप किती कामाला येतो ते पाहिलं, तर बाईंनी त्या वेळी चादरींचे पैसे लावले असतील ते परत करावेत असं मला वाटलं.

चहा आला. तीन मजल्यांचा रुपेरी मनोरा: खाली बोटभर सँडविचं, मध्ये स्कोन, वर पुतळ्यांसारखे उभे केलेले गोड पदार्थ. मामांनी एक सँडविच उचलून उजेडात धरलं. "काकडीचं आहे," त्यांनी निकाल दिला आणि ओठ हलू लागले. मेनूवरचा आकडा अडीचकीच्या बाहेरचा होता. लहानपणी पाढा जिथे थांबला होता, तिथे मामाही थांबले.

मी विषय बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडकळीला आलेलं हे हॉटेल पुन्हा उभं केलं ते जर्मेन क्रुल या बाईने. पेशाने छायाचित्रकार. पॅरिसच्या आयफेल टॉवरचे लोखंडी सांगाडे टिपून नाव काढलेली. हॉटेल चालवायचा अनुभव शून्य. तरी 1947 पासून वीस वर्षं तिने ते चालवलं आणि मग सगळं सोडून भारतात तिबेटी निर्वासितांबरोबर राहायला गेली. सुरुवातीच्या भागीदारांत एक जिम थॉम्पसन होता. तो बाहेर पडला, थाई रेशमाचा धंदा करून जगप्रसिद्ध झाला आणि 1967 मध्ये मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला तो आजतागायत परतला नाही.

"हॉटेल काढणाऱ्यांच्या गोष्टी लेखकांपेक्षा बऱ्या आहेत की," ही म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. रात्रभर न राहिलेल्या माणसाच्या नावाने दालन आहे, आणि वीस वर्षं चादरी मोजणारी बाई दाखवायला मला भिंती शोधाव्या लागत होत्या.

बार्बरा कार्टलंड यांच्या नावाचंही दालन या हॉटेलात आहे, आणि ते गुलाबी आहे. बाईंनी सातशेच्या वर प्रेमकथा लिहिल्या. पूर्वेच्या प्रवासावर अख्खं 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या पु. लं.ची पाटी मात्र कुठे दिसली नाही. असती तर खोलीत निदान पानाचा डबा ठेवावा लागला असता आणि पांढऱ्या भिंतींचं काही खरं नव्हतं.

एक गोष्ट मात्र हॉटेलच्या बाजूने सांगायला हवी. 1979 पासून आग्नेय आशियातल्या देशांच्या लेखकांना जो 'सी राइट' पुरस्कार देतात, त्याच्या स्थापनेत या हॉटेलचा हात होता. म्हणजे धडधाकट, ताप नसलेल्या, हयात लेखकांनाही इथे पायघड्या घालतात. हे ऐकून हिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. तिने वेटरला खुणेने बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, "हेसुद्धा लेखक आहेत."

वेटर कमालीचा सभ्य. त्याने हात जोडले, मान झुकवली, माझ्याकडे आदराने पाहिलं आणि खिशातून वही काढली. मला वाटलं, सही. पेन उघडून मी तयारीत बसलो.

"आपला खोली क्रमांक, सर?" त्याने विचारलं. बिल कुठे लावायचं, ते त्याला हवं होतं.

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "त्याला सांगा, जावईबापू, अजून पाटी लागायची आहे. तोवर रोख."