डब्यातला कोकणकडा: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

डब्याचा कॅमेरा करून फोटो काढायची ही कृती अत्यंत सोपी आहे. तिला भिंग लागत नाही, बॅटरी लागत नाही, सुरुवातीला अक्कलही फारशी लागत नाही. लागतो एक रिकामा डबा, एक सुई आणि ज्याच्याकडे बघून घरचे ‘याला दुसरं काही काम नाही का?’ म्हणतात असा एक माणूस. तिसरी गोष्ट घरात आहेच असं धरून पुढे जाऊ.

साहित्य

शीतपेयाचा कॅन, आतून चमक नसलेला काळा रंग दिलेला. काळी इन्सुलेशन टेप, वाटते त्याच्या तिप्पट. कृष्णधवल फोटोपेपर. हा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मागू नये; तिथला मुलगा ‘पासपोर्ट साइज का?’ असं विचारतो आणि त्याची काही चूक नसते. पेपर ऑनलाइन मागवावा आणि ‘काय आलंय बघू’ म्हणत कुणी पाकीट उघडायच्या आत ताब्यात घ्यावा. उजेड लागलेला फोटोपेपर फक्त वाणसामानाची यादी लिहायला उपयोगी पडतो.

भोक

‘लेन्स कुठली?’ हा प्रश्न तुम्हाला यापुढे नेहमी विचारला जाईल. ‘भोक’ हे उत्तर शांतपणे द्यायला शिका.

कॅनच्या पत्र्याचा बोटभर तुकडा कापून पुठ्ठ्यावर ठेवा. सुईचं टोक टेकवून हलकेच फिरवा. सुई आरपार घालू नका. मागच्या बाजूला आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा टोक फिरवा, पुन्हा घासा. ६६ मिलिमीटर व्यासाच्या कॅनला साधारण ०.३५ मिलिमीटरचं भोक लागतं. मोजायला पट्टी कामाची नाही. पत्रा स्कॅनरवर ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करावा; भोक सोळा-सतरा पिक्सेल रुंद दिसलं की जमलं. भोक मोठं झालं तर चित्र पुसट येतं. हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो, मग आणखी बारीक करू! तेही करून बघा. एका मर्यादेनंतर प्रकाशाच्या लाटा भोकाच्या कडेशी वळून पसरतात आणि चित्र पुन्हा पुसटच होतं. मध्यममार्गाचं महत्त्व इतक्या स्वस्तात कुठलेही महाराज शिकवत नाहीत.

भोकातून चित्र पडतं यावर विश्वास बसत नसेल तर हंपीला जा. विरूपाक्ष मंदिरात एका छोट्या फटीतून येणाऱ्या उजेडानं गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते. तेवढी रजा नसेल तर आंब्याखाली उभे राहा. पानांच्या फटींतून पडलेले गोल कवडसे ही सूर्याचीच चित्रं असतात. खंडग्रास ग्रहणात ती कोरीसारखी होतात. आंब्यानं यासाठी कुठलाही कोर्स केलेला नाही.

जागा

नवशिक्यानं एकदम कोकणकडाच घ्यावा. हरिश्चंद्रगडाचा हा कडा आत वळलेला, अर्ध्या वाडग्यासारखा आहे. कॅनमध्ये कागदही वळवून बसवावा लागतो, त्यामुळे सरळ रेषा चित्रात वाकतात. कडा मुळातच वाकडा असल्यानं दोष कुणाचा, हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. शिवाय भिंग नसल्यानं फोकस करायची भानगड नाही. पुढ्यातलं निवडुंग आणि खालचं कोकण सारख्याच प्रमाणात अस्पष्ट येतात.

वाट पाचनईची धरा. नळीची वाट डब्यासकट चढून आल्याचं सांगायला छान वाटतं, पण चित्रात कुठलाही फरक पडत नाही. एका डब्यात एकच कागद मावतो, म्हणजे एक चढण, एक फोटो. चार डबे नेलेत तर चार. पाचव्यासाठी सॅकमधून पाण्याची बाटली काढावी लागते. ती काढू नये.

डब्यावर आधी ‘कॅमेरा’ असं लिहून ठेवा. ‘हा बॉम्ब नाही’ असं अजिबात लिहू नका. २०१६ साली अमेरिकेत अटलांटा इथे कलेच्या विद्यार्थ्यांनी पुलाला असाच टेप गुंडाळलेला डबा लावला होता. त्यासाठी महामार्ग बंद झाला आणि बॉम्बशोधक पथक आलं. आपल्याकडे एसटी स्टँडवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा चालू असताना डबा मांडीवर घेऊन बसावं आणि शक्यतो हसू नये.

कड्यावर वारा खालून वर येतो. टाकलेली टोपी परत येते हे खरं आहे. डब्याचा प्रयोग करू नका. तो दगडांत घट्ट बसवा.

वेळ

शटर म्हणजे टेपचा तुकडा. तो काढायचा, थांबायचं, परत लावायचा. किती थांबायचं, एवढाच प्रश्न उरतो. फोटोपेपर फिल्मच्या मानानं फार मंद असतो. त्यामुळे लख्ख उन्हात अर्ध्या मिनिटाच्या आसपास, ढग असतील तर दोन मिनिटं किंवा जास्त. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यानं सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. तेव्हा चार-पाच मिनिटं तरी द्यावीत. उजेड निम्मा झाला की वेळ दुप्पट करून भागत नाही, त्याहून जास्त द्यावा लागतो. उजेड घटला की कागद आणखीच आळसावतो. या चार-पाच मिनिटांत काय करावं, हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना जड जातो. तुमच्या पायाखालचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला आहे. फोन खिशात ठेवायला एवढं कारण पुरे.

इंद्रवज्र टिपण्याची हाव मात्र धरू नका. ढगावर उमटणारं ते गोल इंद्रधनुष्य १८३५ साली कर्नल साइक्सनं इथूनच पाहिल्याचं सांगतात. तुमच्या कृष्णधवल कागदाला निळा रंग फार आणि तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे हाती एक पांढरट ढग लागेल आणि त्याच्याबद्दल आयुष्यभर बोलावं लागेल.

माणसं

शनिवार-रविवारच्या गर्दीवर या डब्यासारखा उपाय नाही. १८३८ मध्ये दगेरनं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचं चित्र घेतलं. त्यातली धावपळ सगळी गायब झाली आणि बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. तोच नियम इथे लागू होतो. घोषणा देत येणारे, ड्रोनमागे पळणारे, ‘अरे इकडे ये, इकडे मस्त येतंय’ म्हणून जागा बदलणारे, सगळे पुसले जातात. टोकाशी पालथं पडून खाली डोकावणारे मात्र राहतात. मला हा निवाडा न्याय्य वाटतो.

प्रगत कृती: विसरणे

इथे सुई आणि संयम दोन्ही जमलेल्यांनी यावं. डबा एके जागी घट्ट बांधायचा आणि सहा महिने बघायचंच नाही. कागद रसायनाशिवाय, नुसत्या उजेडानंच काळवंडतो, आणि सूर्याची रोजची वाट एकेक रेघ होऊन उमटते. ढगाळ दिवशी रेघ तुटते. या प्रकारात विक्रम एका विसराळूपणाचा आहे. इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ साली रेजिना वाल्केनबर्गनं लावलेला कॅन २०२० मध्ये सापडला. त्यात सूर्याच्या २,९५३ रेघा होत्या.

परदेशी पुस्तकं डब्याचं तोंड दक्षिणेकडे करायला सांगतात. त्यांचं तिथे बरोबर आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि चौकटीतून निघून जातो. म्हणून सह्याद्रीत पश्चिम बरी. डिसेंबरपासून जूनपर्यंत मावळतीची जागा पश्चिमेच्या एका बाजूला २५ अंशांवरून दुसऱ्या बाजूला तितकीच सरकते आणि कागदावर तिरप्या रेघांचा पडदा तयार होतो. पुढे पावसाळ्यात डबा ठेवलात तर धुकं आणि गंज मिळेल.

हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा डबा ठेवण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. देवळात, लेण्यात, टाक्यांच्या काठी काहीही चिकटवू नका. आणि जूनमध्ये परत चढून डबा, टेप, तार सगळं खाली आणायची खात्री नसेल, तर तो आपल्या घराच्या गच्चीवरच बांधा.